मदत हवी आहे: काउन्सेलर म्हणतात प्रार्थना कमी करा, पाळक म्हणतात काउन्सेलर बदला

मोसंबीवाला
सलाम मंडळी, जरा घाईत लिहायलोय. माझी धाकटी बहीण जालन्याहून संभाजीनगरला काउन्सेलिंगला जायलीय. तिथल्या बाईंनी सांगितलं प्रार्थना कमी करायची, आणि तेव्हापासून घरात महाभारत. आई म्हणती देवापासून तोडणं ही कसली ट्रीटमेंट. आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणायलेत अविश्वासी माणसाच्या हाती लेकरू देऊ नका, काउन्सेलर बदला. शनिवारी पुढची वेळ आहे आणि आई रद्द कर म्हणून मागं लागलीय. दोन्ही बाजू सांभाळणारा कोणी ख्रिस्ती काउन्सेलर आपल्या भागात माहिती असेल तर नाव सांगा. लवकर. धर्मावरून भांडणं नकोत.

परभणीचा पाव्हणा
नाव मागायलात पण बहिणीला झालंय काय ते लिहिलंच नाही की. झोप नाही, भीती, उदासी, काय नेमकं?

मोसंबीवाला
टेन्शनच. सारखी प्रार्थना करती. नर्सिंगला होती, हॉस्टेलवरून घरी आणलं.

वचनवीर
प्रभूची स्तुती असो. भाऊ, प्रार्थना करणारी मुलगी आजारी कशी? आजारी तर ते घर जिथं प्रार्थना नाही. बायबलात याकोबाच्या पत्राच्या ५ व्या अध्यायात स्पष्ट आहे, मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वडीलधाऱ्यांना बोलवा, तेल लावा, प्रार्थना करा. आमच्याकडं शुक्रवारी उपवास-प्रार्थना असती, घेऊन या. कित्येकांच्या साक्षी आहेत.

तिरपागडा
अहो त्याच प्रार्थनेने मुलगी घरी बसली आहे ना? पाळकांना पाया पडून बाजूला करा आणि डॉक्टरांचं ऐका, विषय संपला. दर वेळी मानसिक आजारात देव मध्ये आणायची आपल्याला खोडच आहे.

वचनवीर
ज्याला देव माहीत नाही त्यानं देवाच्या माणसांबद्दल बोलू नये.

सिस्टर_अंबाजोगाई
दोघं पण थांबा जरा. भाऊ, मी मानसोपचार वॉर्डात काम केलेली नर्स आहे आणि चर्चमधलीच आहे. सांगा, ती प्रार्थना करते म्हणजे कशी करते? एकच एक परत परत? चुकली तर पहिल्यापासून? कुणाला सारखं विचारते का की माझं पाप माफ झालं का? गोळ्या चालू आहेत का, कुणी लिहून दिल्यात? काउन्सेलर बाईंनी आजाराचं नाव काय सांगितलं?

मोसंबीवाला
ताई तुम्ही तर आमच्या घरात बसून बघितल्यासारखं लिहिलं. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणायला लागली आणि मध्येच एखादा घाण विचार आला, किंवा एक शब्द अडखळला, की परत पहिल्यापासून. ताटातली भाकर गार होऊन वाळून जाती तरी हिची जेवणाआधीची प्रार्थना चालूच. रात्री एक-दीडला पाळकसाहेबांना व्हॉइस मेसेज टाकती की माझ्या मनात पवित्र आत्म्याबद्दल शिवी आली, आता मला क्षमा आहे का नाही. ते बिचारे झोपेतून उठून वचन पाठवतात. मग अर्धा तास शांत, मग परत नवीन मेसेज. चर्चमधलं प्रभूभोजन, म्हणजे भाकर-द्राक्षारस, घेणं बंद केलंय, म्हणती अयोग्यपणे घेतलं तर दंड ओढवून घेईन. गोळ्या आहेत, आधी एका डॉक्टरनी दिल्यात, नाव बघून सांगतो. आजाराला ओसीडी म्हणाल्या बाई, पण आम्हाला वाटलं ओसीडी म्हणजे हात धुणं.

सिस्टर_अंबाजोगाई
हेच पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं ना दादा, एवढा वेळ गेला नसता. हात धुणं हा ओसीडीचा एक प्रकार झाला. धर्मात अडकलेला पण असतो. मनात नको तो विचार घुसतो, ज्याची माणसाला सगळ्यात जास्त भीती तोच विचार, म्हणून तर ज्याला देव प्रिय त्याला देवाबद्दल घाण विचार येतात. मग भीती घालवायला ती प्रार्थना करते, अर्धा तास बरं वाटतं, आणि मेंदू शिकतो की बरं का, ही प्रार्थना केली म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती अजून जोरात. बाई जे करतायत त्याला ईआरपी म्हणतात, विचार आला तर येऊ द्यायचा आणि त्यावर उतारा म्हणून जे करतो ते थांबवायचं. त्यांनी देव सोडा म्हटलं नसणार, उतारा सोडा म्हटलं असणार. शनिवारी हाच प्रश्न सरळ विचारा, नेमकी कुठली प्रार्थना कमी करायची आणि कुठली ठेवायची.

वैजापूरकर
आम्ही कॅथोलिक, आमच्यात हे जुनं आहे. फादरकडं पापनिवेदनाला एकच माणूस दिवसातून तीनदा यायला लागला की जुने फादर ओळखायचे. त्याला सांगायचे की एकाच फादरकडं यायचं, ठरलेल्या दिवशीच यायचं, आणि एकदा सांगितलेलं पाप परत काढायचं नाही. लोयोलाचे संत इग्नेशियस १६ व्या शतकातले, ते स्वतः यात सापडले होते. प्रोटेस्टंट पंथ ज्याच्यापासून निघाला तो मार्टिन लूथर तर मठात असताना तासन् तास कबुली देत बसायचा. तेव्हा तुमच्या बहिणीचा विश्वास कमी नाही हे तिला कुणीतरी सांगा.

वचनवीर
लूथरला कुणी गोळ्या दिल्या होत्या? वचनानंच सुटला ना तो.

वैजापूरकर
त्या काळी गोळ्या होत्याच कुठं ओ. दात दुखला तरी लोहाराकडं जायचे तेव्हा.

थिऑलॉजी_चालू
इथे दोन शाळा आहेत हे लक्षात घ्या, मी सध्या सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या कॉलेजात, हेच शिकतोय. १९७० मध्ये अमेरिकेत जे ई. अॅडम्स नावाच्या पाळकाने मांडलं की विश्वासणाऱ्याच्या बहुतेक मनाच्या तक्रारींना मानसशास्त्र लागत नाही, बायबल आणि मंडळी पुरे. त्यातून बिब्लिकल काउन्सेलिंग आलं. दुसरी इंटिग्रेशनवाली, ती म्हणते बायबल पण घ्या आणि मानसशास्त्राने तपासून घेतलेलं पण घ्या. तुमचे पाळक बहुतेक पहिल्या बाजूचे. माझं मत विचाराल तर

तिरपागडा
कोणी विचारलं नाहीये.

थिऑलॉजी_चालू
विचाराल तर पहिली बाजू ओसीडीला पुरत नाही. वचन वाचून दाखवणं हाच तिथे उतारा होऊन बसतो, औषधच आजाराला खाऊ घातल्यासारखं.

परभणीचा पाव्हणा
माझा वेगळाच प्रश्न, असे ख्रिस्ती काउन्सेलर मराठीत एवढे कमी का हो? भाचीला एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं एमए, करून हेच करायचंय. आरक्षण लागतं का ख्रिस्ती असल्यावर?

फुलंब्रीकर
एससीचं नाही लागत. १९५० च्या आदेशात ख्रिस्ती नाहीत, शीख १९५६ ला आले, बौद्ध १९९० ला आले, आपण तिथंच. आमच्या घरात आज्यानं धर्म बदलला आणि चुलत्याच्या पोरांना सवलत, आम्हाला शून्य. यावर वेगळा धागा काढा, लई लिहिण्यासारखं आहे.

मोसंबीवाला
काढा ना मग वेगळा. इथं माझी आई अपॉइंटमेंट रद्द करायला फोन हातात घेऊन बसलीय. गोळीचं नाव फ्लुओक्सेटीन आहे. महिना होत आला, काही फरक नाही म्हणून आई म्हणती बंद करू. करू का?

सिस्टर_अंबाजोगाई
नाही! मनाने बंद करू नका. ओसीडीत या गोळीला वेळ लागतो, ८ ते १२ आठवडे धरून चला, आणि डिप्रेशनपेक्षा डोस पण बऱ्याचदा जास्त लागतो. कमी-जास्त करायचं ते लिहून देणाऱ्या डॉक्टरनीच. तो डॉक्टर लांब पडत असेल तर घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे, खर्च फार नाही. आणि रात्री एक-दीडला ती घाबरली तर पाळकाऐवजी १४४१६ लावा, टेली-मानस, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. मरणाचे विचार बोलून दाखवते का ती? हे नक्की विचारा तिला, विचारल्यानं विचार येत नाहीत. हो म्हणाली तर शनिवारची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मोसंबीवाला
विचारलं. नाही म्हणाली, नरकाची भीती वाटती म्हणून मरायची पण भीती वाटती. हे ऐकून आई पहिल्यांदा गप्प बसली.

निवृत्त_पाळक
मी तीस वर्षांवर सेवा केली, बीड-जालना भागातच. तुमच्या पाळकसाहेबांवर रागावू नका, आम्हाला हे कुणी शिकवलंच नाही. मेसेज आला की उत्तर द्यायचं, रात्री दोनला पण, यालाच आम्ही चांगली मेंढपाळी समजलो. त्यांना माझं नाव न सांगता एवढं सांगा. बायबलातल्या मार्क ३ मधलं अक्षम्य पाप जाणूनबुजून, कठोर मनानं केलेलं आहे, ज्याला त्याची भीती वाटते त्याचं ते नाही. हे तिला एकदा, समोर बसून, सांगा. मग पुढच्या प्रत्येक मेसेजला एकच उत्तर, "याचं उत्तर मी तुला दिलं आहे." दुसरं वचन नाही, समजूत नाही. जड जाईल त्यांना. मला पण गेलं असतं. आणि १ राजे १९ वाचून बघायला सांगा. एलीया झाडाखाली मरण मागत बसला, तर देवदूतानं त्याला आधी उपदेश नाही केला, भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून परत भाकर दिली.

वचनवीर
एवढं असेल तर मी पण म्हणतो डॉक्टर ठेवा. पण काउन्सेलर ख्रिस्तीच हवा, नाहीतर ती हिच्या विश्वासाला अंधश्रद्धाच म्हणणार.

सिस्टर_अंबाजोगाई
ख्रिस्ती असून ईआरपी न येणारा काय कामाचा? आधी काम येतं का ते बघा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी विचारा, त्याचा सीआरआर नंबर असतो. नुसती "काउन्सेलर" पाटी कुणीपण लावतंय. आणि चांगली हिंदू किंवा मुसलमान बाई असेल तर तीच विचारेल की तुमच्या मंडळीत रोजची प्रार्थना साधारण किती असते, तेवढी ठेवू. आमच्या एका पेशंटला असंच जेवणाआधी एकदा, झोपताना एकदा, डोळे उघडे ठेवून, अडखळलं तरी पुढं, असं लिहून दिलं होतं. तो आधी महिनाभर रडत करायचा.

तिरपागडा
हे मान्य. माझा पहिला प्रतिसाद जरा तडक होता पण पाळक मध्ये नकोत हे अजून मत आहे.

सिस्टर_अंबाजोगाई
मध्ये आहेतच ते, तिच्या फोनमध्ये रात्री एकला. तेव्हा आत घेऊनच काम होईल. पण दादा, बहीण सज्ञान आहे ना? मग पाळक सोबत येणार, बाई त्यांच्याशी बोलणार, हे सगळं आधी तिला विचारून. २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यात गुप्ततेचा हक्क तिचा आहे, तुमचा किंवा आईचा नाही.

मोसंबीवाला
२२ ची आहे. विचारलं तिला, हो म्हणाली, पण सगळे मेसेज वाचून दाखवायचे नाहीत म्हणाली. पाळकसाहेबांना आज भेटलो, आधी चिडले, मग म्हणाले मला पण झोप नाही दोन महिने. शनिवारी यायला तयार आहेत, आई पण यायलीय. फक्त त्यांची अट आहे की बाईंच्या खोलीत सुरुवात प्रार्थनेनं करू. बाईंना चालेल का? आणि बहिणीला त्रास?

निवृत्त_पाळक
आधी फोन करून बाईंना विचारा. हो म्हणाल्या तर पाळकांनी करावी, चार ओळींत, आणि आमेन झालं की झालं. तिनं परत म्हणायची नाही.

सिस्टर_अंबाजोगाई
आणि तिला मध्येच वाटलं की पाळकांचा एखादा शब्द चुकला, तर ते तिथंच बाईंना सांगू दे, पाळकांना नको. तिकडंच कळेल बाईंना पुढं काय करायचं ते. गोळ्यांची चिठ्ठी न्या सोबत.

परभणीचा पाव्हणा
चांगलं झालं. पण एमएसडब्ल्यूचं कुणी सांगाल का, फॉर्म कधी निघतात?