मदत हवी आहे: दोन उमेदवार, आर्थिक धोरण, तक्ता (उद्या सकाळपर्यंत!)

अधीर_बाबा
मंडळी, घाई आहे. लेकीच्या शाळेत उद्या वादविवाद आहे, विषय राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांची आर्थिक धोरणं. 'तक्ता मी करून देतो' असं बोलून बसलो. आता रकाने भरले तर दोन्हीकडे तेच: महागाई आटोक्यात आणणार, कर कमी करणार, तूट भरून काढणार. मग हे दोघे भांडत कशावरून होते? गूगल करा म्हणू नका, तिथूनच आलोय.

शंकासुर_२
देश कुठला? साल कुठलं? ट्रम्प-हॅरिस असेल तर आयातशुल्कापासून सुरुवात करा.

कलमबहाद्दर
मुळात विषयच चुकलाय. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. २०२२ मध्ये मुर्मूंसमोर यशवंत सिन्हा उभे होते, माजी अर्थमंत्री. तरी निवडून आले असते तर अंदाजपत्रक काही त्यांनी मांडलं नसतं. शाळेला पत्र लिहा.

अधीर_बाबा
अहो, अमेरिका! न्यू जर्सीत राहतो आम्ही. कार्टर-रेगन. दुसरं कोण असणार?

शंकासुर_२
आम्हाला स्वप्न पडणार होतं का? बरं, लेक कुणाच्या बाजूने बोलणार आहे?

जुना_जर्सीकर
१९८० ना? राष्ट्राध्यक्ष कार्टर विरुद्ध रेगन. मी होतो तिथे. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात पेट्रोलची सम-विषम लागली. नंबरप्लेटचा शेवटचा आकडा विषम, तर विषम तारखेलाच टाकी भरायची. पहाटे पाचला थर्मासात चहा घेऊन रांगेत. ८० मध्ये घर बघायला लागलो, तर बँकेतल्या माणसाने व्याजाचा दर तोंडाने सांगितलाच नाही. कागदावर १४ लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. हिने तो उलटा घातला आणि पर्स उचलली. संपलं घर. तेव्हा मत नव्हतं मला, पण असतं तर कार्टरला दिलं नसतं. रेगनने येऊन महागाई मोडली, हे लिहा तक्त्यात.

अर्थाचा_अनर्थ
काका, घराचं वाईट वाटलं, पण महागाई मोडली ती व्होल्करने, व्याजदर चढवून. आणि व्होल्करला फेडच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, प्रमुखपदी ऑगस्ट १९७९ मध्ये नेमलं कार्टरने. तुमचं १४ हे त्याच औषधाचं बिल होतं.

जुना_जर्सीकर
औषध कुणी का आणेना, पथ्य कुणी पाळलं? ८२ च्या शेवटी बेकारी १०.८ टक्के झाली, तरी रेगनने व्होल्करचा हात धरला नाही.

माई_लेले
अरे, त्यांना निवडणुकीतला फरक हवाय, पुढे काय झालं ते नाही.

अधीर, ध्येयांचा रकाना पुसून टाका, ती सारखीच असतात. 'दुखणं कशामुळे' असा रकाना करा. रेगनचं म्हणणं, महागाईचं मूळ सरकारी उधळपट्टीत. म्हणून प्राप्तिकर तीन वर्षांत ३० टक्के उतरवा, लोक जास्त कमावतील, माल वाढेल. वर संरक्षणखर्चही वाढवायचा आणि तूटही घालवायची! त्यांच्याच पक्षातले थोरले बुश उमेदवारी ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत याला जादूटोण्याचं अर्थशास्त्र म्हणाले आणि पुढे त्यांच्याच जोडीने उपाध्यक्षपदासाठी उभे राहिले. कार्टरचं म्हणणं, महागाई साडेतेरा टक्के असताना एवढी करकपात म्हणजे आगीत तेल. ऑगस्टमध्ये त्यांनीही करकपात मांडली, पण पुढच्या वर्षीपासून, आणि बराचसा भर उद्योगांच्या गुंतवणुकीवर. तुमच्या तक्त्यात दोन्हीकडे 'कर कमी' आलं ते इथून.

तेलाचंही तसंच. किमतींवरचं नियंत्रण दोघांनाही उठवायचं होतं. कार्टर टप्प्याटप्प्याने उठवत होते आणि तेल कंपन्यांच्या जादा नफ्यावर कर बसवत होते. रेगनना ते एका झटक्यात हवं होतं.

सुवर्णयोग
जानेवारी ८० मध्ये सोनं औंसाला ८५० डॉलर होतं. त्या भावाने घेतलेल्यांना तोच भाव पुन्हा दिसायला २००८ उजाडलं. तक्त्यात सोन्याचा रकाना हवाच.

अर्थाचा_अनर्थ
सोन्याचा धागा वेगळा आहे हो. माईंशी सहमत. फक्त विमान, ट्रक, रेल्वे यांच्यावरचे निर्बंध कार्टरच्याच काळात सैल झाले, तेही घाला. मुक्त बाजार म्हटलं की सगळं श्रेय रेगनला, हे मला खटकतं.

जुना_जर्सीकर
कार्टरबरोबरच्या क्लीव्हलंडच्या वादविवादात रेगनने एकच विचारलं, चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचं बरं चाललंय का? मला उत्तर ठाऊक होतं. राज्यांच्या इलेक्टोरल मतांत रेगन ४८९, कार्टर ४९.

शंकासुर_२
तिसरा पण होता ना, अँडरसन?

अधीर_बाबा
त्याला सोडा, साडेसहा टक्के मतं. माई, लाख धन्यवाद, असंच हवं होतं. तक्ता झाला.

शंकासुर_२
लेकीची बाजू कुठली, ते राहिलंच.

अधीर_बाबा
थांबा, विचारून येतो.

अधीर_बाबा
अँडरसन.

माई_लेले
अगं बाई. बरं, लिहून घ्या. पेट्रोलवर गॅलनमागे ५० सेंट कर, आणि त्या पैशातून पगारातून कापला जाणारा सोशल सिक्युरिटीचा (सरकारी निवृत्तिवेतनाचा) कर निम्मा. तेव्हा गॅलन सव्वा डॉलरच्या आसपास होतं, म्हणजे मतं मागताना हे बोलायला छाती लागते. तिला तिथूनच सुरुवात करू दे.

जुना_जर्सीकर
५० सेंट! आणि आम्ही थर्मास घेऊन रांगेत.