जुनी जिप्सी घ्यावी का, आणि घेतली तर आधी कुठे हात घालावा? (सोलापूर)

शेतरस्ता_मोहोळ

नमस्कार मंडळी. शेत मोहोळ तालुक्यात आहे. डांबरी सोडली की तीन किलोमीटर काळ्या मातीची वाट, पावसाळ्यात तिथं दुचाकीही रुतते. त्यासाठी जुनी फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद जाणारी) बघतोय. दोन गाड्या समोर आहेत.

पहिली मारुती जिप्सी किंग, 2006 ची, एमपीएफआय (कंप्युटरवर चालणारं इंजेक्शन) पेट्रोल, सॉफ्ट टॉप (कापडी छत), एमएच-13 पासिंग. नोंदणी 2021 ला वाढवून घेतलीय, नोव्हेंबर 2026 ला संपते. मीटर 1,12,000. साठच्या वर गेली की स्टिअरिंग थरथरतं. पुढच्या दोन्ही चाकांच्या आतल्या अंगाला काळं ग्रीस ओघळलंय. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा मऊ लागतो. फोर व्हीलचा दांडा जोर लावल्याशिवाय पडत नाही.

दुसरी महिंद्रा एमएम 540, 1994 ची, डिझेल, बार्शीत आहे. इंजिन नुकतंच बांधलंय म्हणतात, रंग चकाचक. पुढचा जॉइंट (पुढच्या अॅक्सलला फिरवणारा शाफ्ट) काढून ठेवलाय, "गरज लागत नव्हती म्हणून".

गाडीसकट साडेचार लाखांपर्यंत जाईन, पण कामं वर्ष-दीड वर्षात टप्प्याटप्प्यानं करायचीत. कोणती घ्यावी, बघायला जाताना काय तपासावं आणि आधी कुठलं काम काढावं?

---

पाटा_यूबोल्ट

दादा, बार्शीची गाडी लांबूनच नमस्कार करण्यासारखी वाटते. नवा रंग आणि काढलेला पुढचा जॉइंट एकत्र दिसले की संशय घ्यायचा. जॉइंट उगाच कोणी काढत नाही. एक तर क्रॉस (जॉइंटच्या टोकांचे सांधे) गेलेले असतात, किंवा पुढचं क्राउन-पिनियन (अॅक्सलमधले मुख्य गिअर) रडत असतं, नाहीतर मधे कधीतरी पुढचं किंवा मागचं डिफरन्शियल (अॅक्सलच्या मधला गिअरचा डबा) दुसऱ्या गाडीचं बसवलेलं असतं. तिसरा प्रकार सर्वांत वाईट. पुढचा-मागचा रेशो (चाकाच्या फेऱ्यामागे जॉइंटचे किती फेरे) वेगळा असला तर फोर व्हील टाकल्याबरोबर दोन्ही अॅक्सल एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केसचे (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचे) दात जातात.

तरी बघायचीच असेल तर रेशो जागेवर मोजता येतो. ट्रान्सफर न्यूट्रलला टाका, मागचं एकच चाक जॅकवर उचला (बाकीच्या चाकांना दगड लावून), जॉइंटवर खडूची खूण करा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि जॉइंट किती फेरे फिरला ते मोजा. दुसरं चाक जमिनीवर अडकलेलं असतं, म्हणून दोन फेरे. हाच प्रकार पुढे करा, फ्री व्हील हब (पुढचं चाक अॅक्सलपासून सुटं करणारे) असतील तर आधी लॉक करून. तिथं जॉइंट नाही, म्हणून पिनियनच्या फ्लँजवर खूण करा. दोन्हीकडचा आकडा जुळलाच पाहिजे.

आता जिप्सी. तुम्ही सांगितलेल्या खोडी या गाडीच्या ठरलेल्या खोडी आहेत, त्यांना घाबरू नका, त्यावर भाव पाडा. पुढचा अॅक्सल बंद नकलचा आहे (चाक वळतं तिथला सांधा बंद गोळ्यात असतो). आतलं अॅक्सल ऑइल सील गेलं की डिफरन्शियलचं ऑइल नकलच्या गोळ्यात उतरतं, ग्रीस पातळ होतं आणि बाहेरच्या वायपर सीलमधून काळा चिखल होऊन ओघळतं. ते धुऊन निघालं की किंगपिन बेरिंग (चाक ज्यांवर डावी-उजवीकडे वळतं ती) कोरडी पडतात, खेळ येतो आणि साठ-सत्तरला थरथर सुरू होते. म्हणजे दोन्ही तक्रारींचं मूळ बहुधा एकच आहे.

खात्री अशी करा. पुढचं चाक उचला, वर-खाली धरून हलवा. खेळ लागला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर व्हील बेरिंग, राहिला तर किंगपिन. मग डावी-उजवीकडून धरून हलवा, तिथला खेळ बहुतेक टाय रॉड एंडचा निघतो. स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचा शॉक अॅब्सॉर्बर) बदलून थरथर दडते, जात नाही. विकायच्या आधी बरेच जण तेवढंच करतात, तेव्हा डॅम्पर नवाकोरा दिसला तर तोही प्रश्न विचारा.

काम निघालं तर दोन्ही बाजू एकदमच करा: किंगपिन बेरिंग चार, वायपर सील किट दोन, आतली अॅक्सल सील दोन, शिवाय व्हील बेरिंगची सील. फिटरला तीन गोष्टी बजावून सांगा. कॅलिपर होजवर लटकवायचा नाही, तारेनं चेसीसला बांधायचा. किंगपिनखालच्या शिम्स (पातळ चकत्या) वरच्या-खालच्या, डाव्या-उजव्या वेगवेगळ्या पुडीत ठेवायच्या, एकत्र केल्या तर बेरिंगचा ताण बिघडतो. आणि गोळ्याच्या पृष्ठभागावर गंजाचे खड्डे असतील तर चारशे नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत करायचं, नाहीतर नवं वायपर सील पहिल्याच पावसाळ्यात फाटतं.

दांडा जड पडण्याची कारणं दोन. लिंकेज कोरडं असेल तर साफसफाई आणि ग्रीसनं भागतं. दुसरं, पुढे-मागे कमी-जास्त घासलेली टायर. या गाडीला मधलं डिफरन्शियल नाही, म्हणून कोरड्या डांबरीवर फोर व्हील टाकून चालवली की ताण साठतो आणि दांडा अडकतो. चार-पाच फूट मागे घेतली की सुटतो. चिखल-मातीतच फोर व्हील वापरायचं, डांबरी आली की काढायचं.

ट्रान्सफर केस जिप्सीत गिअरबॉक्सपासून वेगळा, तीन रबरी माउंटिंगवर टांगलेला असतो. माउंटिंग फाटली की क्लच सोडताना ठक्क आवाज येतो. गिअरबॉक्सपासून मागच्या-पुढच्या अॅक्सलपर्यंत मिळून तीन जॉइंट आणि सहा क्रॉस, एकेक हातानं पिरगाळून बघा.

---

आरसी_बघून_घ्या

यंत्रापेक्षा कागद आधी. पत्रा बदलता येतो, चेसीस नंबर बदलता येत नाही.

वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहनवर नंबर टाकून मालक, कर्जाचा बोजा, विमा, फिटनेस बघा. मग चेसीसवर कोरलेला नंबर घासून स्वच्छ करा आणि पेन्सिलनं ठसा घ्या, आरसीशी एकेक अक्षर जुळवा. इंजिन नंबरही. इंजिन बदललेलं असेल आणि आरसीवर चढवलेलं नसेल तर फिटनेसला अडते. बार्शीच्या गाडीत हे नक्की बघा.

हस्तांतरणाला फॉर्म 29 आणि 30. जुना बोजा असेल तर फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी. गाडी दुसऱ्या आरटीओची निघाली, उदाहरणार्थ अकलूजची एमएच-45, तर फॉर्म 28 ची एनओसी विकणाऱ्याकडून आधी हातात घ्या. विमा आपल्या नावावर करायला खरेदीपासून 14 दिवसांत अर्ज करायचा असतो, हे बहुतेक जण विसरतात.

जिप्सीची मुदत या वर्षीच संपतेय आणि गाडी 20 वर्षांची होतेय. नूतनीकरणाचा फॉर्म 25 चा अर्ज मुदत संपायच्या आधी 60 दिवसांत करता येतो. 20 वर्षांवरच्या गाड्यांची नूतनीकरण फी 2025 पासून बरीच वाढलीय, शिवाय पर्यावरण कर वेगळा. तो आकडा पोर्टलवर बघून विकणाऱ्याच्या भावातून सरळ वजा करा. फिटनेसला ब्रेक, लाइट, हँडब्रेक, पीयूसी, एचएसआरपी बघतात, त्यामुळे नोव्हेंबरच्या आत तेवढं तरी व्हायलाच हवं.

आणि हौसेनं बंपर, मोठी टायर, लिफ्ट (गाडी उंच) करायच्या आधी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा. आरसीवर नोंदलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल चालत नाही.

---

रेडिएटर_कोर

पहिल्या भावांनी पुढचा अॅक्सल छान सांगितला, पण सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये गाडी आधी गरम होऊन मरते. पारा बेचाळिसावर गेला की अर्धा चोंदलेला रेडिएटर उघडा पडतो.

इथं बहुतेक ठिकाणी बोअरचं पाणी ओततात. ते जड पाणी, आत क्षार बसतात. कॅप उघडून (थंड असतानाच) आत बोट फिरवा. पांढरी खर किंवा तांबूस गाळ लागला तर रेडिएटर उतरवून साफ करून घ्या, नळ्या बुजल्या असतील तर जाळी नवी. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. कॅपचं रबर कडक झालं असेल तर कॅप बदला, दाब धरला नाही तर पाणी लवकर उकळतं. ज्वारीचा भुसा आणि धूळ पंखांमध्ये अडकते, ती इंजिनच्या बाजूनं बाहेर अशी पाणी मारून काढायची. समोरून मारलं तर आणखी आत जाते.

गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची गॅरेजमध्ये सवय आहे. एमपीएफआयला हे करू नका. इंजिन थंड राहतं, कंप्युटर त्याला थंड समजून पेट्रोल जास्त सोडतो, अॅव्हरेज आणि पीयूसी दोन्ही जातात.

टायमिंग बेल्टचा इतिहास माहीत नसेल तर तो संपलाच असं धरा. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदम बदला. पंपाला हात घालायचा तर बेल्ट काढावाच लागतो, मजुरी दोनदा कशाला द्यायची? त्याच वेळी क्रँक आणि कॅमची पुढची ऑइल सील बघा, तेल गळलं तर नवा बेल्टही कुजतो.

वीस वर्षांपूर्वीचे पेट्रोल होज आजच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेले नाहीत. टाकीपासून इंजिनपर्यंतचे सगळे रबरी तुकडे बदला. इंजेक्शनच्या दाबाचा, आर-9 दर्जाचा होजच घ्या, साधा कार्बोरेटरचा नको. टाकीत गंज असेल तर नवे इंजेक्टरही टिकणार नाहीत, आधी टाकी उतरवून धुवा.

---

माळावरची_गाडी

कामाच्या क्रमाबद्दल माझं थोडं वेगळं मत. तुमची अडचण काळी माती आहे, तर टायर पहिल्या टप्प्यातच घ्या. ही माती फुगते आणि टायरच्या खाचांत गच्च बसते. खाचा बुजल्या की चारही चाकं फिरून गाडी जागेवरच. किंगला 205/70 आर15 येतं, त्याच मापात उघड्या खाचांचं, ऑल टेरेनपेक्षा मड टेरेनकडे झुकणारं टायर बघा. रुंद टायर नको, इथं अरुंद टायर चिखल कापून खालच्या टणक थराला लागतं. चिखलात हवा 18 ते 20 पीएसआयपर्यंत उतरवा, पण डांबरीवर चढायच्या आधी भरा. बारा व्होल्टचा छोटा कंप्रेसर गाडीत असू द्या.

दुसरं, ब्रीदर. दोन्ही डिफरन्शियलवर श्वासाची छोटी नळी असते, ती काळ्या मातीनं बुजते. मग गरम झालेल्या ऑइलचा दाब सील फोडून बाहेर येतो, किंवा ओढ्याच्या पाण्यात गरम हौसिंग अचानक थंड होऊन सीलमधून पाणी ओढून घेतं. तुमची गळकी अॅक्सल सील कदाचित याच कारणानं गेली असतील. ब्रीदरला आठ एमएमचा होज लावून बॉनेटखाली उंच नेऊन बांधा, वर छोटा फिल्टर. नवी सील घालून ब्रीदर तसाच ठेवला तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

गाडी घेतल्याबरोबर चारही ठिकाणचं ऑइल काढून बघा: गिअरबॉक्स, ट्रान्सफर, पुढचं आणि मागचं डिफरन्शियल. ताकासारखं पांढुरकं असेल तर पाणी शिरलंय. बोल्टच्या चुंबकाला काळा लेप ठीक, चमकदार तुकडे ठीक नाहीत. ऑइल काढताना आधी वरचा फिलर बोल्ट सुटतोय ना ते बघा, मग खालचा काढा. पातळी म्हणजे फिलरच्या भोकातून ऑइल थेंबाथेंबानं गळायला लागेपर्यंत, गाडी सपाट जागी.

---

पाटा_यूबोल्ट

टायर पहिल्या टप्प्यात हे पटत नाही. किंगपिनला खेळ असताना नवी मड टायर टाकली तर दोन-तीन हजार किलोमीटरमध्ये काठ कुरतडले जातील. आधी ब्रेक आणि पुढचा अॅक्सल, लगेच मागोमाग टायर. या पावसाळ्यापुरती आहे त्या टायरची हवा उतरवून भागवा.

ब्रेकचं राहिलं होतं. तिन्ही रबरी होज, मागची व्हील सिलिंडर आणि सगळं ब्रेक ऑइल बदला. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून लांबचं चाक आधी: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं.

पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) कमान बसली असेल तर एकदम दोन इंचाच्या लिफ्टकडे धावू नका. जॉइंटचा कोन वाढतो, ब्रेकचे होज ताणले जातात. शॅकल (पाट्याचं टोक चेसीसला जोडणारा दुवा) बुश आणि पिन नवीन टाका, पाटे सोडवून तुटका पान असेल तर बदला. यू-बोल्ट (पाटा अॅक्सलला आवळणारे) एकदा सोडले की परत तेच बसवायचे नाहीत, नवे घ्या आणि पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.

पायाखालचा पत्रा कापून नवा जोडता येतो. पण त्याच्या खाली चेसीस हातोडीनं वाजवत जा, विशेष करून स्टिअरिंग बॉक्सच्या बैठकीपाशी आणि मागच्या शॅकलच्या वर. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, किंवा बॉक्सपाशी केसाएवढी चीर दिसली, तर ही गाडीही सोडा.

---

शेतरस्ता_मोहोळ

सगळ्यांचे आभार. बार्शीची यादीतून काढली. आज जिप्सी पुन्हा पाहिली. ब्रेक दाबूनही डाव्या चाकाला खेळ राहतो, उजव्याला जातो. चेसीस सगळीकडे खणखणीत वाजली. पण फोर व्हील खरंच लागतं का, हे चिखल नसताना कसं बघायचं?

---

पाटा_यूबोल्ट

डावीकडे किंगपिन, उजवीकडे व्हील बेरिंग. उघडाल तेव्हा उजवीकडचे किंगपिनही बदला.

फोर व्हीलसाठी: इंजिन बंद, मागच्या चाकांना दगड, पुढचं एकच चाक जॅकवर आणि खाली स्टँड. हब असतील तर दोन्ही लॉक. टू-हायला (फक्त मागची चाकं) चाक हातानं मोकळं फिरतं आणि पुढचा जॉइंटही सोबत फिरतो. आता पहिला गिअर टाका, दांडा फोर-हायला (चारही चाकं). चाक थोडं हलून अडलं पाहिजे. तसंच फिरत राहिलं तर ट्रान्सफर लागत नाही, हब सुटे आहेत किंवा आतला शाफ्ट तुटलाय. अडेपर्यंत चाक पाव फेऱ्याएवढं हललं तर झीज बरीच झालीय, क्रॉसपासून शोधायला लागा. दुसऱ्या चाकालाही हेच करा, मग फोर-लोला (चारही चाकं, हळू गती).