नाथसागरातली बेटं आणि शहरातली झाडं: मालिका करतोय, तीन ठिकाणी अडलंय

काठ_आणि_कट्टा
नमस्कार मंडळी. बारा छायाचित्रांची मालिका करतोय. सहा जायकवाडीच्या जलाशयातल्या, म्हणजे नाथसागरातल्या बेटांची, सहा संभाजीनगरातल्या झाडांची. पाण्यानं वेढलेलं बेट आणि सिमेंटनं वेढलेलं झाड शेजारी-शेजारी टांगायचं, असं डोक्यात आहे. कॅमेरा फुल फ्रेम, २४ मेगापिक्सेलचा. लेन्स २४-७० आणि ७०-२००. सीपीएल (चमक घटवणारा फिल्टर) आहे, १० स्टॉपचा एनडी (प्रकाश दहा वेळा निम्मा करणारा गडद फिल्टर) आहे, ट्रायपॉड आहे.

अडचणी अशा:
१) बेट फोटोत बेट वाटतच नाही, समोरच्या काठाला चिकटलेली काळी रेघ दिसते.
२) झाडांचा हिरवा स्क्रीनवर प्लॅस्टिकसारखा भडक आणि प्रिंटमध्ये काळपट येतो. एनडी लावला की तोच हिरवा तपकिरी होतो.
३) प्रिंट किती मोठी, कोणत्या कागदावर, किती प्रतींची ठेवावी?

गाळपेर
दादा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर कॅमेऱ्यात नाही, तुम्ही उभे कुठं राहता त्यात आहे. बेटाच्या मागचं पाणी दिसलं तरच डोळा त्याला बेट म्हणतो. त्यासाठी कॅमेरा बेटाच्या माथ्यापेक्षा उंच हवा. हिशोब मांडून बघा: कॅमेरा पाण्यापासून ५ मीटर उंच, बेट दीड मीटर उंच, समोरचा काठ ५ किलोमीटरवर, लेन्स २०० मिमी, फ्रेम आडवी. बेट ३०० मीटरवर असेल तर त्याच्या मागं पाण्याची पट्टी फ्रेमच्या उंचीच्या साधारण ९ टक्के मिळते. तेच बेट १ किलोमीटरवर असेल तर जेमतेम २ टक्के, आणि तीच तुमची काळी रेघ. म्हणून लांबचं मोठं बेट सोडा, जवळचं बुटकं बेट धरा आणि काठावरची उंच दरड शोधा. पाण्याशी बसून काढायचा मोह टाळा. खालून बेटावरची झुडपं आभाळात छान उठतात, पण मागचं पाणी नाहीसं होतं.

दुसरं म्हणजे पाण्याची पातळी. धरण पूर्ण भरल्यावर ती समुद्रसपाटीपासून १५२२ फूट. त्या वेळी बुटकी बेटं पाण्याखाली जातात आणि उंचवट्यांची नवी बेटं होतात. पाणी उतरत गेलं की तीच बेटं मोठी होत जातात, काही काठाला जोडली जातात, उघड्या पडलेल्या ओल्या गाळावर पेरणी, म्हणजे गाळपेर होते. ऑक्टोबरात हेरलेलं बेट मे महिन्यात बेट राहीलच असं नाही. एकच जागा धरून तीन पातळ्यांवर तेच बेट काढलंत तर मालिकेला कणा मिळेल. पातळी आणि धरणाची टक्केवारी वर्तमानपत्रात येते, प्रत्येक फोटोच्या तारखेपुढं ती लिहून ठेवा.

वेळ सूर्योदयाच्या आधीचा अर्धा तास आणि नंतरचा एक. थंडीत पहाटे पाणी हवेपेक्षा गरम असतं, त्यामुळं लांबच्या बेटाची खालची कड तुटून ते अधांतरी तरंगल्यासारखं दिसतं. हा लेन्सचा दोष नव्हे, मृगजळाचाच प्रकार आहे, आणि तुमच्या विषयाला तो फारच पोषक आहे. उन्हाळ्यात मात्र नऊनंतर हवा इतकी थरथरते की २०० मिमीवर एकही कड धारदार येत नाही. कितीही महागडी लेन्स लावा, फरक पडत नाही.

ट्रायपॉडच्या पायांखाली फरशीचे १५ × १५ सेंमीचे तुकडे ठेवा. नाहीतर अर्ध्या मिनिटाच्या एक्सपोजरमध्ये पाय गाळात बसतो आणि फोटो हलतो. उतरत्या पाण्याजवळचा गाळ वरून भेगाळलेला, वाळलेला दिसतो आणि आत मांडीभर चिखल असतो. तिथं एकट्यानं जायचं नाही.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. होडीनं बेटाकडं जायचं किंवा ड्रोन उडवायचा तर आधी वन विभागाची परवानगी. मार्च ते मे बेटावर पाय ठेवूच नका. नदी सुरय हा पाणपक्षी उघड्या वाळूवर, गोट्यांवर अंडी घालतो. तुम्ही तिथं अर्धा तास थांबलात तर पक्षी अंड्यांवर परतत नाही आणि उन्हात अंडी भाजून निघतात. अंडी गोट्यांच्या रंगाची असल्यानं पायाखाली आली तरी कळत नाही. काठावरून २०० मिमीत जेवढं येतं तेवढं पुरे.

पानगळ
बेटांबद्दल गाळपेर दादांनी सगळं सांगितलंय. मी झाडांकडं वळते.

आधी तपकिरी रंगाचं कारण. जाड एनडी डोळ्याला दिसणारा प्रकाश अडवतो, पण बऱ्याच फिल्टरांतून अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश निसटतो. हिरवं पान अवरक्त प्रकाश भरपूर परतवतं. त्यामुळं दगड-भिंती ठीक येतात आणि नेमकी पानंच लालसर-तपकिरी होतात. सगळ्या फोटोचा रंग एकदम सरकवणाऱ्या व्हाइट बॅलन्सनं हे सुटत नाही, कारण चूक फक्त पानांत असते. अवरक्त अडवणारा एनडी घ्या, नाहीतर ते फोटो कृष्णधवल करा.

खरं तर शहरातल्या झाडाला १० स्टॉपची गरजच नाही. १/३० सेकंदाचं एक्सपोजर ३४ सेकंद होतं, गाड्या विरघळतात हे खरं, पण पानंही विरघळतात. वडाचं पान जाड, मंद वाऱ्यात तग धरतं. पिंपळाचा देठ लांब आणि लवचिक, जाणवेल इतकी झुळूक नसली तरी पान सळसळतं. त्याला १/२५० च्या खाली जाऊ नका.

गाड्या घालवायच्या तर कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवून, फोकस आणि एक्सपोजर मॅन्युअल करून, १०-१० सेकंदांच्या अंतरानं वीस फोटो काढा. संगणकावर ते एकावर एक रचून मीडियन लावा, म्हणजे प्रत्येक ठिपक्याला वीस फोटोंतलं मधलं मूल्य मिळतं. निम्म्याहून कमी फोटोंत जे आहे ते पुसलं जातं, म्हणजे रस्ता रिकामा होतो. मीडियननं पानं मऊ पडतात, म्हणून झाड मात्र एकाच फोटोतलं घ्या आणि मास्क करून बसवा. सिग्नलला थांबलेल्या गाड्या पुसल्या जात नाहीत. त्यामुळं वीस फोटो सिग्नलच्या दोन-तीन फेऱ्यांत पसरवा.

जागा म्हणाल तर दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याची गच्ची, ५० ते ८५ मिमी. खालून काढलं की झाडात तारा, फलक आणि पांढरं आभाळ घुसतं. वरून घुमट एकसंध दिसतो आणि भोवतीचं सिमेंटही. पाणचक्कीचा वड किंवा हिमायत बागेतली झाडं सुंदर आहेत, पण ती आधीच हिरवाईत किंवा वास्तूच्या आवारात आहेत. तुमच्या कल्पनेला चौकातलं एकटं झाड जास्त शोभेल.

हंगाम महत्त्वाचा. मे महिन्यात पानांवर इतकी धूळ असते की हिरवा राखाडीच येतो. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस होऊन पानं धुतली की ढगाळ दिवशी काढा. ओल्या पानावर आभाळाची पांढरी चमक बसते, ती सीपीएलनं जाते. पूर्ण फिरवून सगळी चमक मारू नका, पान मेल्यासारखं दिसतं. थोडी ठेवा. यात दीड ते दोन स्टॉप जातात, ते धरून चला. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिंपळाची आणि कडुलिंबाची तांबूस पालवीही बघा. सहाही फोटो हिरवेच कशाला हवेत?

कागद_शाई
प्रिंटचं सांगतो. स्क्रीनवर भडक आणि कागदावर काळपट, ही एकाच दुखण्याची दोन टोकं आहेत. लॅपटॉपची स्क्रीन पूर्ण उजळ ठेवून तुम्ही एडिट करायलात. स्क्रीन कॅलिब्रेट करून ८० ते १२० निट्सवर (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) आणा. मग फोटो आपोआप अंधारा वाटेल आणि तुम्ही तो योग्य तेवढा उजळाल.

हिरव्याला हात लावताना हिरव्याची स्लायडर नंतर, आधी पिवळ्याची. पानाच्या रंगात पिवळा आपल्याला वाटतो त्याहून जास्त असतो. पिवळ्याचं सॅच्युरेशन (भडकपणा) १० ते २० नं उतरवा, मग हिरव्याचं थोडं. प्रिंट करणाऱ्याकडून त्याच्या प्रिंटरची आणि त्याच कागदाची आयसीसी प्रोफाइल (रंग कसे उमटतात ते सांगणारी फाइल) मागा, सॉफ्ट प्रूफ करा, म्हणजे छापलेलं कसं दिसेल ते स्क्रीनवरच बघा. जो हिरवा छपाईच्या कक्षेबाहेर दिसतो तो तुम्ही आवरा, नाहीतर प्रिंटर त्याचा सपाट ठिपका करतो आणि पानांच्या शिरा जातात. फाइल १६ बिट टिफ, अडोबी आरजीबी.

कागद दोन घ्या. धुक्यातल्या बेटांना ३०८ ग्रॅमचा मॅट कॉटन रॅग. झाडांना बरायटा (बेरियम सल्फेटचा थर असलेला, किंचित चकाकीचा कागद), कारण दाट सावलीतला काळा मॅटवर राखाडी पडतो. आता शेजारी-शेजारी टांगायचं म्हणताय तर दोन पोत खटकतील का, हा प्रश्न रास्त आहे. म्हणून प्रत्येक जोडीला एकच कागद ठेवा: जिथं धुकं महत्त्वाचं तिथं दोन्ही मॅटवर, जिथं दाट सावली महत्त्वाची तिथं दोन्ही बरायटावर.

आकार: ६००० × ४००० पिक्सेल म्हणजे ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) २० × १३ इंच, २४० ला २५ × १६. त्यापलीकडं पानं खरखरीत दिसू लागतात, पाणी-धुकं चालतं. पण मोठ्याचा हट्ट का? छायाचित्रकार मायकेल केन्ना यांच्या झाडांच्या आणि पाण्याच्या प्रिंट जेमतेम ८ इंच चौरस असतात, माणूस आपोआप जवळ येऊन बघतो. आधी एकाच कागदावर एक फोटो चार उजेडांत छापून घ्या: जसा आहे तसा, मग ०.२, ०.४ आणि ०.६ स्टॉप उजळ. २४ तास वाळू द्या आणि जिथं टांगणार तिथल्या दिव्याखाली बघून निवडा.

काठ_आणि_कट्टा
खूप आभार. पानगळ ताई, चौकातलं झाड हा मुद्दा एकदम पटला, यादी बदलतो. कागद_शाई सर, फ्रेमवाला प्रिंट चारही बाजूंनी चिकटवून देतो म्हणतो. चालेल का?

कागद_शाई
अजिबात नको. आपल्याकडं मे महिन्यात हवा पापडासारखी कोरडी आणि जुलैत ओली. कॉटन कागद पावसाळ्यात फुगतो, चारही बाजू अडवल्या तर त्याला जागा मिळत नाही आणि लाटा पडतात. आम्लमुक्त माउंट बोर्डावर फक्त वरच्या कडेला दोन बिजागऱ्या, जपानी कागदाच्या आणि गव्हाच्या खळीच्या. सेलोटेप आणि फेविकॉल दोन्ही नको. काच प्रिंटला टेकता कामा नये, ओलीत ती चिकटते आणि सोडवताना शाई निघते. २ ते ४ मिलीमीटर जाडीचा, मध्ये खिडकी कापलेला माउंट पुरतो. फ्रेमच्या मागं खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी गोळ्या लावा, म्हणजे ओल धरलेल्या भिंतीपासून ती सुटी राहते.

प्रतींचा आकडा पहिली प्रिंट विकण्याआधी ठरवा. सगळे आकार मिळून १० आणि दोन कलाकार प्रती (स्वतःकडं ठेवायच्या) ठीक. नंतर दुसऱ्या आकारात आणखी काढल्या तर आधीच्या घेणाऱ्याची फसवणूक होते. कॉटनवर खालच्या समासात पेन्सिलीनं ३/१० (दहांतली तिसरी) असा क्रमांक आणि सही. बरायटावर पेन्सिल नीट उमटत नाही, तिथं पिगमेंट पेन घ्या. प्रमाणपत्रावर कागद, शाई, छपाईची तारीख लिहा, आणि बेटांच्या फोटोंना गाळपेर म्हणतात ती पाण्याची पातळीसुद्धा.