मोरोक्कोतला पाहुणचार
वर कोणीतरी लिहिलंय की मोरोक्कोत चहाला बोलावलं की शेवटी गालिचाच गळ्यात मारतात. जुन्या बाजारातल्या दुकानांत होतं तसं, पण घरचं बोलावणं वेगळं असतं हो. मी आणि मैत्रीण कासाब्लांकाहून ट्रेनने फेस शहराला जात होतो, समोर एक काकू आणि त्यांची कॉलेजातली मुलगी, आमचं फ्रेंच जेमतेम, मुलीचं इंग्लिश बरं, उतरेपर्यंत दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं पक्कं! शुक्रवार होता, म्हणजे दुपारच्या नमाजानंतर घरोघरी कुसकुस. गव्हाच्या रव्याचे बारीक दाणे, दोन-तीनदा वाफवलेले, वर भोपळा, गाजर, सलगम, कोबी, छोले. मैत्रीण शाकाहारी आहे हे ट्रेनमध्ये बोलण्यात आलं होतं, तर त्या माउलीने सगळ्यांसाठीच बिनमटणाचा केला. मला अजून भरून येतं आठवलं की.

एकच मोठी परात, बिस्मिल्लाह म्हणून सुरुवात, प्रत्येकाने आपल्या समोरचंच खायचं, आणि काकू मधल्या भाज्या सारख्या आमच्याकडे सरकवतायत, "कुल, कुल" म्हणजे खा खा, अगदी आपल्या आज्जीसारखं. मग चहा, चिनी ग्रीन टी, मूठभर पुदिना, साखर भरपूर, उंचावरून धार धरून ओततात म्हणजे ग्लासात फेस येतो. पहिल्याच ग्लासाला उठू नका, दुसरा-तिसरा येतोच.

कोणाकडे जेवायला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका मात्र. तिकडे शंकूच्या आकाराची साखरेची ढेप मिळते, ती भेट म्हणून द्यायची जुनी पद्धत आहे, आम्ही तीच नेली होती, काकू जाम खूश झाल्या.