जुन्या बाजारातली संगीन: 1907 चीच का?

पातं 17 इंची, शिक्का 1907, वर लाल गंज. साल तेच धरू ना? गंज कसा काढू?

> नाही हो! 1907 हे नमुन्याचं (मॉडेलचं) साल, बनवल्याचं नाही. ली-एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या टोकाला लावायची संगीन. महिना-वर्ष खाली बघा: ‘5 17’ म्हणजे मे 1917. मुठीच्या टोकाजवळ आरपार भोक 1916 पासून. त्याआधीच्यांनाही नंतर पाडलेलं सापडतं, त्यामुळे नुसत्या भोकावरून साल ठरवू नका.

> सँडपेपर, ॲसिड बिलकूल नको, शिक्केच जातील. मशीनचं तेल लावून रात्रभर ठेवा, मग 0000 नंबरची (सगळ्यात बारीक) स्टील वूल, हलक्या हातानं. चामडी म्यान वेगळं ठेवा. पुण्याच्या पावसाळ्यात ते ओल धरतं, पातं आतून खातं.

> शस्त्र नियमांत संगिनीचं नाव आहे. पोलीस ठाण्यात आधी विचारा, पावती जपा.