मदत हवी आहे : ॲड्रेनर्जिक (पेशींवरील ॲड्रेनॅलिनच्या ग्राहींवर, म्हणजे रिसेप्टरांवर काम करणारे) औषध दिल्यावर डोळ्याच्या ऊतीतील नायट्रिक ऑक्साइड वाढते की घटते?

मांडवीकाठ: डुकराच्या डोळ्यातील आयरिस (बुबुळाचा रंगीत पडदा) आणि सिलियरी बॉडी (त्यामागची, डोळ्यातले पाणी तयार करणारी ऊती) काढून त्यांवर ॲड्रेनर्जिक औषध सोडले असता द्रावणातले नायट्राइट (नायट्रिक ऑक्साइडपासून बनणारे, म्हणून त्याचे माप धरलेले) कधी वाढलेले दिसते, तर कधी औषधाविना ठेवलेल्या नमुन्यापेक्षाही कमी भरते. प्रबंधाचे प्रकरण यामुळे अडले आहे. कृपया कारण लवकर सांगावे.

फोंड्याहून: औषध कोणते? ब्रिमोनिडीन अल्फा-२ रिसेप्टरला चेतवते, टिमोलॉल बीटा रिसेप्टर अडवते आणि दोन्ही 'ॲड्रेनर्जिक' या एकाच सदरात येतात. मोजमापाची पद्धतही लिहा.

शांतादुर्गा: माझ्या आईला काचबिंदू आहे. दमा असलेल्यांनी टिमोलॉलचे थेंब डॉक्टरांना विचारल्याशिवाय कदापि घालू नयेत, हे सर्वांनी ध्यानात ठेवावे.

फोंड्याहून: ताई, आपली सूचना मोलाची आहे, परंतु येथे प्रश्न रुग्णाचा नसून प्रयोगाचा आहे.

मांडवीकाठ: औषध ॲड्रेनॅलिन, इंजेक्शनच्या ॲम्प्यूलमधले. मापन ग्रीस अभिकर्मकाने (नायट्राइटशी गुलाबी रंग देणारे रसायन), ५४० नॅनोमीटरच्या प्रकाशात. डोळे मडगावच्या बाजारातून सकाळी आणतो.

सासष्टीकर: मग दोष डोळ्यांचाच. बर्फात न आणलेल्या ऊतीतले नायट्रिक ऑक्साइड बनवणारे एन्झाइम मंदावते. माझ्या शेळीच्या डोळ्यांच्या कामात हेच घडत असे.

फोंड्याहून: तसे असते तर औषध दिलेला आणि न दिलेला, दोन्ही नमुने सारखेच मंदावले असते. ॲड्रेनॅलिन ऑक्सिजनयुक्त कोमट बफरमध्ये (ऊती ठेवण्याच्या द्रावणात) स्वतःच ऑक्सिडाइझ होते. त्यातून सुपरऑक्साइड (ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रूप) निघते, ते नायट्रिक ऑक्साइडशी क्षणात संयोग पावते आणि शेवटी बहुतांशी नायट्रेट उरते, जे ग्रीस अभिकर्मकाला दिसत नाही. शिवाय ॲड्रेनॅलिनच्या ऑक्सिडेशनातून तयार होणारे ॲड्रेनोक्रोम गुलाबी असल्याने वाचन उलट फुगूही शकते. ॲम्प्यूलमध्ये औषध टिकावे म्हणून बहुधा मेटाबायसल्फाइट असते; तेही क्षपणकारक असल्याने ढवळाढवळ करते.

सासष्टीकर: तरीही बर्फ हवाच.

फोंड्याहून: हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण आधी ऊतीविना नुसते औषध बफरमध्ये ठेवून वाचन घ्यावे, आणि नायट्रेट रिडक्टेज या एन्झाइमने नायट्रेटचे नायट्राइट करून एकूण बेरीज मोजावी. बेरीज तशीच राहून केवळ नायट्राइट घटले असेल, तर निर्मिती कमी झालेली नाही.

मांडवीकाठ: आणि बेरीजच वाढली तर ती रिसेप्टरमुळेच, असे लिहू शकतो का?

फोंड्याहून: एवढ्यावरून नाही. एल-नेमने (नायट्रिक ऑक्साइड बनवणारे एन्झाइम अडवणारे रसायन) वाढ थांबावी व डी-नेमने (त्याचे निष्क्रिय प्रतिरूप) थांबू नये. तसेच अल्फा-२चा दावा करायचा असल्यास ही वाढ योहिम्बीनने (अल्फा-२ रिसेप्टर अडवणारे औषध) अडावी. ॲड्रेनॅलिन अल्फा व बीटा दोन्हींना चेतवत असल्याने ब्रिमोनिडीनची शुद्ध भुकटी घेऊन पुन्हा सुरुवात केलेली बरी.