मदत हवी आहे: लाएटोलीचे ठसे शाळेच्या अंगणात कसे उमटवू?

आठवीच्या मुलांना टांझानियातल्या लाएटोलीचे, म्हणजे मानवाच्या पूर्वजांच्या पावलांचे, ठसे दाखवायचे आहेत. १९७८ साली पुरामानवशास्त्रज्ञ मेरी लीकी यांच्या चमूला सापडलेले, सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या ओल्या राखेत उमटलेले. फोटो दाखवून झाले, पण मुलांना ते आपल्या पायांचे वाटतच नाहीत. म्हणून स्वतः चालून ठसे उमटवायचे आणि फोटोशेजारी ताडून पाहायचे: अंगठा इतर बोटांच्या रांगेत, टाच खोल. माकडाचा अंगठा बाजूला फाकलेला असतो, हा फरक बोट लावून कळला की विसरत नाहीत.

मूळ पट्टा सुमारे २७ मीटर आहे. आमच्याकडे ९ मीटरची जागा आहे, ती पुरेल. अडचण मिश्रणाची आहे. चुलीची राख चाळून पाणी शिंपडलं, ठसा सुरेख आला, पण दुपारपर्यंत टाचेची कड ढासळली. नुसती काळी माती पायाला चिकटते आणि वाळली की भेगाळते. प्लास्टर ऑफ पॅरिस एवढ्या जागेला परवडत नाही. मुलं अनवाणी चालणार, त्यामुळे चुना-सिमेंट नको.

राखेत काय आणि किती मिसळलं तर ठसा निदान आठवडाभर टिकेल?